शिकवणाऱ्यांचे शिकणे : भावनगर ते कोसबाड

आपल्या बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत पुस्तकांचे एक कपाट असते आणि त्यातले एकही पुस्तक न वाचणारे एखादे नातवंड असते. मूल आजीशी मराठी बोलते, मित्रांशी गुजराती आणि शाळेत इंग्रजी लिहिते. मग आपण रविवारचे वर्ग काढतो. पुस्तके आणतो, फळा टांगतो, आणि 'मराठी येते ना, मग शिकवता येईलच' असे म्हणून वर्ग कोणा निवृत्त गृहस्थांच्या हाती देतो. दिवाळीनंतर वर्ग ओस पडतो व दोष मुलांच्या माथी जातो. मीही दोन वर्षे असा वर्ग घेतला आहे, आणि दोष देणाऱ्यांत मी पुढे होतो.

ज्याला अक्षर येते त्याला ते शिकवता येते, ही समजूत पंतोजींच्या काळापासूनची. धुळपाटीवर अक्षर गिरवायचे, एकसुरात घोकायचे, चुकले तर छडी. पुढे सरकारी ट्रेनिंग कॉलेजे निघाली, पण त्यांतही भर व्याकरण, गणित आणि शिस्त यांवर. मूल वाचायला शिकते म्हणजे नेमके काय होते, हे पाहण्याची फुरसत कोणालाच नव्हती.

ती फुरसत काढणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, आणि त्यांची घडण आपल्या गुजरातेत झाली. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. पदवीधर झालेल्या, संसारात फार सोसलेल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. म्हणजे शिक्षिका घडवणे हाच त्यांचा व्यवसाय. पद मानाचे होते आणि एकट्या बाईला त्या काळी अशी नोकरी सहज मिळत नसे. तरी १९२३ मध्ये ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. शिक्षिका तयार करणाऱ्या बाईने बालमंदिरात जाऊन लहान मुलांकडे पाहत बसावे, हे तेव्हाच्या शहाण्यांना कसे वाटले असेल याची कल्पना तुम्हीच करा. मला तरी या साऱ्या कथेतले सर्वांत धाडसाचे पाऊल हेच वाटते.

१९२५ मध्ये तेथे अध्यापन मंदिर निघाले. मॉन्टेसोरी पद्धतीच्या शिक्षणात शिक्षकाचा पहिला अभ्यास निरीक्षणाचा. बाजूला बसायचे, मुलाच्या कामात हात घालायचा नाही, दिसेल ते टिपून ठेवायचे. ज्याला बोलण्याची सवय आहे त्याला गप्प बसणे किती जड जाते, हे वर्ग घेतलेल्या कोणालाही विचारा.

अक्षरांचा क्रमही येथे वेगळा. कचकागदाच्या खरखरीत अक्षरावरून मूल बोट फिरवते, तोंडाने त्याचा ध्वनी म्हणते. हात, डोळा आणि कान एकदमच कामाला लागतात. मग सुटी अक्षरे मांडून ते आपल्या मनातला शब्द जुळवते. म्हणजे लेखन आधी, वाचन मागून. हाताची सोय पाहण्याची ही दृष्टी मराठीला अगदीच परकी नव्हती. आपले 'ग म भ न' वर्णमालेचा क्रम सोडून हाताला सोप्या वळणांपासूनच सुरू होते. गिजुभाईंचा गोष्ट सांगण्यावर विशेष भर होता. गोष्ट कशी सांगावी हाही शिक्षकाने अभ्यासाने मिळवायचा विषय, असे ते मानत.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गुजरातीत आणि पुढे मराठीतही 'शिक्षणपत्रिका' निघाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. तेथील मुले आपल्यासारख्यांच्या घरची होती. खरी कसोटी पुढे होती.

डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षे शिकवलेल्या. बालवाडी सुंदर होती, पण दलित वस्तीतली आणि वारली पाड्यांवरची मुले तिच्याकडे फिरकेनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कोणाला गुरे राखायची. येथे दोघींनी जे केले त्यासाठी वीस वर्षांचा अनुभव पुरेसा नव्हता; तो थोडा विसरावा लागला. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा. परवडणार नाहीत अशा मॉन्टेसोरी साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने, खडे. मुलाच्या घरची बोली वेगळी, पुस्तकाची वेगळी. म्हणून शिक्षिकेने आधी मुलाचे ऐकायचे.

१९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालवाडीला जोडूनच तेथे शिक्षिकांचे प्रशिक्षण चाले. समोर मुले नसताना मुलांविषयी व्याख्यान ऐकायचे, असा प्रकार नव्हता. याउलट आपण वर्गावर जो माणूस नेमतो त्याला एक दिवसही कोणा जाणत्या शिक्षिकेच्या मागे बसवत नाही. आपल्याच शहरात चांगल्या बालवाड्या चालवणाऱ्या बाया आहेत. त्यांच्या दाराशी आपण कधी गेलेलो नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. तो पाहायला ताराबाई नव्हत्या. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. पुढे कोसबाडचा भार अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत वाहिला. इतक्या शिक्षिकांना शिकवणाऱ्या या बाई स्वतः बी. ए. झाल्या त्या कोसबाडचे काम सांभाळत, १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी.