सांता मोनिका मठ, जुने गोवे

सांता मोनिका मठ हा गोवा राज्याच्या तिसवाडी तालुक्यातील जुने गोवे येथे असलेला, ख्रिस्ती संन्यासिनींचा (नन) पूर्वीचा मठ होय. ऑगस्टिनियन पंथाच्या या मठाची पायाभरणी १६०६ साली झाली. पोर्तुगीज सत्तेखालील आशियात चिंतन, प्रार्थना आणि एकान्तवास यांना वाहिलेला स्त्रियांचा हा पहिला मठ मानला जातो. येथील शेवटची संन्यासिनी १८८५ मध्ये मृत्यू पावली आणि सुमारे पावणेतीनशे वर्षांची परंपरा संपुष्टात आली. मठाची तीन मजली वास्तू आजही उभी आहे.

नाव

संत मोनिका या चौथ्या शतकातील उत्तर आफ्रिकेत होऊन गेलेल्या संत ऑगस्टीन यांच्या माता. मुलाच्या परिवर्तनासाठी त्यांनी अनेक वर्षे प्रार्थना केली, अशी त्यांची ख्याती आहे. ऑगस्टीन यांच्या नियमावलीनुसार राहणाऱ्या स्त्रियांच्या मठाला त्यांच्या मातेचे नाव देण्यात आले. पोर्तुगालच्या राजाचा आश्रय लाभल्यामुळे या मठास ‘राजमठ’ असेही म्हटले जाई. वास्तूच्या दर्शनी भागावर राजचिन्ह कोरलेले आहे.

स्थापना

मठाचे संस्थापक गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस हे स्वतः ऑगस्टिनियन संन्यासी होते. केरळमधील उदयंपेरूर येथे १५९९ साली भरलेल्या धर्मसभेमुळे त्यांचे नाव इतिहासात विशेष परिचित आहे. त्या काळी सैनिक आणि व्यापारी म्हणून आलेले अनेक पोर्तुगीज पुरुष युद्धात, समुद्रप्रवासात किंवा रोगराईत दगावत. त्यांच्या मागे राहणाऱ्या विधवा आणि मुली यांचा प्रश्न गोवा शहरापुढे उभा होता. मेनेझिस यांनी अशा स्त्रियांसाठी आश्रयगृहे काढली; सांता मोनिका मात्र आश्रयगृह नव्हते, तर आजन्म व्रत घेणाऱ्या स्त्रियांचा मठ होता. फिलिपा फेरेइरा या विधवेने फिलिपा द त्रिंदाद हे नाव धारण करून पहिली मठाध्यक्षा म्हणून जबाबदारी सांभाळली. तिच्या मुलीनेही याच मठात व्रत घेतले.

वास्तूचे काम १६२७ मध्ये पूर्ण झाले. १६३६ साली लागलेल्या आगीत मठाची मोठी हानी झाली. तथापि पुढील वर्षीच पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. गोव्यातील मठाच्या स्थापनेनंतर आशियात मनिला येथे १६२१ मध्ये आणि मकाव येथे १६३३ मध्ये संत क्लारा यांच्या पंथाचे स्त्रीमठ सुरू झाले. त्या दोहोंपेक्षा गोव्याचा मठ जुना आहे.

मठजीवन

निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते मठजीवनाचा पाया होती. व्रत घेण्यापूर्वी किमान एक वर्ष उमेदवारी करावी लागे आणि वयाची १६ वर्षे पूर्ण व्हावी लागत. ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ मध्ये संन्यासिनींच्या एकान्तवासाचा नियम कडक केला होता. त्यामुळे एकदा व्रत घेतलेली स्त्री सामान्यतः मठाबाहेर पडत नसे. नातलगांशी भेट जाळीआडून होई आणि वस्तूंची देवाणघेवाण भिंतीत बसवलेल्या फिरत्या लाकडी कपाटातून केली जाई. असे कपाट ही अशा मठांची सर्वसाधारण खूण होय.

दिवसाची विभागणी सामुदायिक प्रार्थनेने होत असे. मध्यरात्रीनंतरच्या प्रार्थनेपासून निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेपर्यंत ठरलेल्या वेळी संन्यासिनी एकत्र जमून लॅटिन स्तोत्रे म्हणत. चर्चमध्ये सर्वसामान्य भाविकांपासून त्यांची जागा जाळीने वेगळी केलेली असे. मधल्या वेळात वाचन, मौन, शिवणकाम, भरतकाम, स्वयंपाक आणि आजारी भगिनींची शुश्रूषा ही कामे चालत.

संन्यासिनींचे दोन वर्ग होते. काळा पदर घेणाऱ्या संन्यासिनींना लॅटिन प्रार्थनेत आणि मठाच्या निर्णयांत पूर्ण सहभाग असे. मठाध्यक्षा त्यांच्यातून ठरावीक मुदतीसाठी निवडली जाई. पांढरा पदर घेणाऱ्या भगिनींकडे मुख्यतः श्रमाची कामे असत. काळा पदर प्रामुख्याने पोर्तुगीज वंशाच्या मुलींनाच मिळे. सर्व काही सामाईक असावे, ही ऑगस्टीन यांच्या नियमावलीची शिकवण. पण वंश आणि संपत्ती यांवरून होणारा भेद मठाच्या भिंतीबाहेर राहिला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.

दुसरीकडे, लिहिणे-वाचणे, गायन, हिशेब ठेवणे आणि स्वतःची प्रमुख निवडणे या संधी त्या काळातील फार थोड्या स्त्रियांना लाभत. त्या येथील काळ्या पदराच्या संन्यासिनींना मिळाल्या.

नगरपालिकेशी वाद

मठात प्रवेश घेणारी मुलगी हुंड्यासारखे धन सोबत आणत असे. वारसाहक्काने मिळालेली घरे, शेते आणि नारळीची कुळागरे अशी मालमत्ताही मठाकडे येई. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्याच्या नगरपालिकेने राजाकडे तक्रार केली, की मठामुळे शहरातील संपत्ती एका ठिकाणी साचत आहे आणि विवाहयोग्य मुली कमी होत आहेत. मठातील संन्यासिनींच्या संख्येला १०० ही मर्यादा होती. मठाचे कारभारी आणि धर्मगुरू दियोगु द सांता आना यांनी मठाची बाजू लेखी मांडली. याच वादाच्या काळात, १६३६ मध्ये, मठातील क्रूसावरच्या येशूच्या मूर्तीने डोळे उघडले आणि तिच्या जखमांतून रक्त वाहिले, अशी वार्ता पसरली. ही मूर्ती पुढे श्रद्धास्थान बनली. मठाचा इतिहास आगुस्तिन्यो द सांता मारिया यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिला. तो १६९९ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाला.

अखेर

पोर्तुगालमध्ये १८३४ साली धार्मिक पंथ बरखास्त करण्यात आले आणि लवकरच तो निर्णय गोव्यातही लागू झाला. पुरुषांचे मठ रिकामे केले गेले. संन्यासिनींना बाहेर काढले नाही. मात्र नव्या मुलींना व्रत देण्यास मनाई झाली. परिणामी, मठ एका दिवसात बंद न होता एकेका मृत्यूने ओस पडत गेला. याच सुमारास जुने गोवेही निर्मनुष्य होत चालले होते. १८४३ मध्ये राजधानीचा दर्जा अधिकृतपणे पणजीला मिळाला. मनाईनंतर सुमारे अर्धशतक उरलेल्या वृद्ध संन्यासिनी येथे राहिल्या.

शेजारच्या संत ऑगस्टीन मठाची गत याहून वेगळी झाली. तेथील संन्यासी गेल्यानंतर देखभालीअभावी १८४२ मध्ये चर्चचे मुख्य छत कोसळले, आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज तेथे भग्न मनोरा आणि अवशेष दिसतात. सांता मोनिकामध्ये १८८५ पर्यंत वस्ती राहिली. दोन्ही वास्तूंच्या आजच्या स्थितीतील फरक समजून घेताना ही बाब महत्त्वाची ठरते.

वास्तू आणि सद्यस्थिती

मठ ‘मोंते सांतो’ अर्थात पवित्र टेकडी या भागात आहे. मधले चौकोनी अंगण, त्याभोवती ओवऱ्या आणि खोल्या, तसेच बाहेरून जाड आधारभिंती अशी त्याची रचना आहे. आतील काही छतांवर आणि भिंतींवर धार्मिक प्रसंगांची रंगीत चित्रे आहेत. १९६४ मध्ये येथे धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी मातेर देई ही संस्था सुरू झाली. राशोल येथील सेमिनरीत १९९४ मध्ये उघडलेले ख्रिस्ती कला संग्रहालय २००२ मध्ये या आवारात हलवण्यात आले.

लोकस्मृती

अंड्याचा बलक, नारळाचा रस आणि साखर यांपासून थरावर थर भाजून केले जाणारे ‘बेबिंका’ हे गोड पक्वान्न या मठातील बिबियाना नावाच्या भगिनीने प्रथम बनवले, अशी आख्यायिका गोव्यात सांगितली जाते. बाहेरच्या जगाला ज्यांचे चेहरे दिसले नाहीत, त्या स्त्रियांची आठवण लोकांनी या पक्वान्नाशी जोडून ठेवली आहे.