पहिलं न्हाण: आधी वाजतगाजत, मग गुपचूप

ब्रिटनमधल्या मराठी घरांत एक वाक्य अधूनमधून कानावर येतं. तमिळ किंवा तेलुगू मैत्रिणीच्या मुलीला पहिली पाळी आली, हॉल घेऊन समारंभ झाला, मुलीला रेशमी वस्त्रं नेसवली. आपण जेवून घरी येतो आणि म्हणतो, "आमच्यात बाई असलं काही नसतं."

खरं सांगायचं तर, होतं. आणि चांगलं वाजतगाजत होतं.

त्याच्या खुणा आपल्या बोलण्यात अजून आहेत. "मुलगी न्हातीधुती झाली", "पदर आला", "शहाणी झाली" हे शब्द तुम्ही आजीच्या तोंडून ऐकले असतील. यातलं 'न्हाण' म्हणजे पहिल्या पाळीच्या चौथ्या दिवशीचं डोक्यावरून स्नान. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातवार रीतिरिवाज दिले आहेत, त्यात मुलगी वयात आल्यावर काय करतात याची नोंद अनेक जातींच्या वर्णनात सापडते. तीन दिवस वेगळं बसवायचं, मग न्हाऊ घालायचं, ओटी भरायची. ऐपतीच्या घरी मखर सजायचं, गोडाधोडाचं जेवण आणि वाजंत्रीसुद्धा असायची.

पण हे मखर कुणाच्या घरी सजायचं? बहुतेक वेळा सासरी! मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षीच उरकलेलं असे. म्हणजे हा सोहळा मुलीसाठी नव्हताच. 'सून आता संसाराला तयार झाली' ही ती जाहीर सूचना होती. त्यापाठोपाठ गर्भाधानाचा विधी, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलीची नवऱ्याच्या खोलीत रवानगी. आपल्या शरीरात काय चाललंय, हे तिला समजावून सांगायचं कुणाच्या मनातही येत नसे.

रखमाबाईंची गोष्ट इथूनच सुरू होते. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं. काही महिन्यांत त्या वयात आल्या. पण सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी इतक्या लहान वयात गर्भाधानाला नकार दिला. रखमाबाई माहेरीच राहिल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या लंडनला येऊन डॉक्टर झाल्या. पाळी आली म्हणजे मुलगी बाई झाली, हे गणित एका घराने नाकारलं, त्यातून हे सगळं घडलं.

त्याच सुमारास कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी दासी नवऱ्याच्या जबरदस्तीने मरण पावली. वय दहाच्या वर धरलं गेलं, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही. मग १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मर्यादा दहावरून बारावर गेली. त्यावर पुण्यात केवढं रान उठलं! पहिल्या ऋतूनंतर लगेच गर्भाधान झालंच पाहिजे, बाराच्या आधी पाळी आली तर धर्म बुडेल, असा विरोधकांचा युक्तिवाद. परक्या सरकारने यात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. उलट रा. गो. भांडारकरांनी शास्त्रग्रंथच उघडून दाखवलं, की पहिल्याच ऋतूचा असा काही सक्तीचा नियम नाही. बघा, एका मुलीची पाळी हा देशभराच्या वादाचा विषय झाला होता, आणि त्या वादात मुलींचा आवाज जवळजवळ नव्हता.

मग लग्नाचं वय हळूहळू वाढलं. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी ते चौदा केलं. आता पहिली पाळी माहेरी, लग्नाआधीच येऊ लागली. आणि तिथेच सगळं उलटं झालं. सासरी जी अभिमानाची बातमी होती, ती माहेरी लपवायची गोष्ट झाली. बिनलग्नाची मुलगी न्हाती झाली म्हणजे आईबापांना बोल. त्यामुळे मखर गेलं, ओटी गेली. राहिलं काय? बाजूला बसणं, "कावळा शिवला" म्हणणं आणि जुन्या लुगड्याच्या घड्या कुणाला दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात वाळत घालणं. उत्सव संपला, विटाळ तेवढा उरला.

म्हणून मला वाटतं, "आमच्यात असलं काही नसतं" यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. तो सोहळा गेला हे बरंच झालं. त्याच्या जागी बोलणं यायला हवं होतं, ते मात्र आलं नाही.

इथल्या शाळेत मुलीला पाळीबद्दल शिकवतात. पण ते इंग्रजीत, आणि वर्गात. घरचं बोलणं तुमच्याकडेच आहे. नवव्या-दहाव्या वर्षीच सांगा, घाबरायच्या आधी. रक्त दिसतं तेवढं नसतं, चार-पाच दिवसांत मिळून काही चमचेच असतं. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते. पॅड चार-सहा तासांनी बदलायचं, दप्तरात एक जादा ठेवायचं. पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी आली नाही, किंवा पोटदुखीने शाळा बुडायला लागली, तर डॉक्टरांकडे जायचं. आणि हो, देवघरात खुशाल जायचं.

हवं तर त्या दिवशी शिरा करा. पण तो तिच्यासाठी असू द्या. आणि ही बातमी कुणाला सांगायची, तेही तिलाच ठरवू द्या.