बदलीवरचा माणूस

बँकेत ‘बदली’ हा शब्द कुणी नुसता उच्चारला, तरी चांगल्या चांगल्यांना घाम फुटतो. पण बदली दोन प्रकारची असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक बदली आपली होते आणि दुसरीत आपणच कुणाची तरी बदली होतो. पहिलीत घरचं सामान हलतं. दुसरीत आत्मविश्वास.

मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो आणि पहिल्याच शाखेत मला तीन नंबरचं काउंटर मिळालं. तिथं माझ्याआधी जे गृहस्थ बसत, त्यांना आपण नाना म्हणू. नाना नोटा मोजता मोजता विनोद सांगत. विनोद संपायला आणि शंभरावी नोट पडायला एकच गाठ! त्यांची बदली झाली आणि त्यांच्या खुर्चीत अस्मादिक विराजमान झाले. पहिल्याच दिवशी एक पेन्शनवाल्या आजी आल्या.

“नाना कुठं गेले?”

“बदली झाली, आजी.”

“मग कधी येतील?”

“ते नाही यायचे. आता मी आहे ना!”

फाटक्या नोटेकडे मी जसा बघतो, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी नानांचाच एक गाजलेला विनोद, नानांच्याच शब्दांत, नानांसारखाच डोळा बारीक करून सांगितला. आजी शांतपणे म्हणाल्या, “बाळ, पैसे नीट मोज.”

हा अपमान मी गिळला होता. पण न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरचा इतिहास वाचताना तो पुन्हा वर आला. मी न्यूयॉर्कला गेलेलो नाही. आमची एल.एफ.सी. कन्याकुमारीला पोहोचते आणि तिथं पुढं समुद्र आहे. तरी सांगतो, या नाटकघरात ‘बदली’ या विषयाचे दोन धडे घडलेले आहेत. ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला हरकत नाही.

त्यातला अलीकडचा धडा ‘द प्रोड्यूसर्स’ नावाच्या संगीत विनोदी नाटकाचा. मेल ब्रूक्स या विनोदवीराने आपल्याच 1967 सालच्या सिनेमावरून ते केलं. मला ते जवळचं वाटतं, कारण त्याच्या दोन नायकांपैकी एक चक्क अकाउंटंट आहे. नायकाने वकील व्हावं, डॉक्टर व्हावं, गेला बाजार कवी तरी व्हावं. कॉमर्सवाल्याला नायिका कोण देणार? पण हा लिओ ब्लूम, मॅक्स बियालिस्टॉक या बुडीत निर्मात्याचे हिशेब तपासता तपासता एक शोध लावतो. नाटक पडलं तर पैसे लावणाऱ्यांना काही परत द्यावं लागत नाही. तेव्हा गरजेपेक्षा कितीतरी जास्त भांडवल गोळा करायचं, हमखास पडणारं नाटक काढायचं आणि उरलेली रक्कम खिशात घालायची! आमच्या ऑडिटरनेही हे ऐकून टाळी दिली असती, आणि मग चार्जशीट.

दोघं मिळून हिटलरचे गोडवे गाणारं एक भयंकर नाटक शोधून काढतात. लेखक फ्रान्झ स्वतःच हिटलर होणार असतो. ऐन पहिल्या प्रयोगाला त्याचा पाय मोडतो आणि त्याच्या जागी दिग्दर्शकाला उभं राहावं लागतं. तो असा काही हिटलर करतो, की लोकांना वाटतं ही फर्मास थट्टाच आहे. नाटक तुफान चालतं आणि आमचे दोघं बुडतात. म्हणजे सगळ्या कथेची कळ काय, तर ऐनवेळची बदली!

19 एप्रिल 2001 रोजी ते सेंट जेम्सवर लागलं. मॅक्स झाला नेथन लेन आणि ब्लूम झाला मॅथ्यू ब्रॉडरिक. नाटकाने 12 टोनी पारितोषिकं मिळवून तोवरचा 10 पारितोषिकांचा विक्रम मोडला. त्या साली ऑक्टोबरात काही खुर्च्या 480 डॉलरना विकायला काढल्या. तेव्हाच्या भावाने तेवीसेक हजार रुपये झाले. एवढ्यात माणूस खुर्ची घरी घेऊन जाईल!

पण नटांचे करार संपतात. 17 मार्च 2002 रोजी जोडी बाहेर पडली. ब्लूमच्या जागी स्टीव्हन वेबर आला आणि मॅक्सच्या जागी लंडनहून हेन्री गुडमन. गुडमन काही कच्चा गडी नव्हे. शायलॉकसाठी लंडनचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळवलेला कसलेला नट. पण 14 एप्रिलला, जेमतेम तीस प्रयोगांनंतर, टीकाकारांना रीतसर बोलावण्याआधीच त्याला नारळ दिला. वेबर राहिला, गुडमन गेला.

वाचकहो, इथं मी वर्तमानपत्र खाली ठेवून तीन नंबरच्या काउंटरकडे पाहतो. शायलॉक करणाऱ्या माणसाला विनोद जमत नाही, असं कोण म्हणेल? पण तिकिटावर नाटकाचं नाव असतं आणि प्रेक्षकाच्या डोक्यात नटाचं. लेनसारखं करावं तर नक्कल, वेगळं करावं तर चूक. कोपऱ्यातून कुणीतरी आजी बघत असतेच.

गुडमनची जागा घेतली ब्रॅड ऑस्करने. या गृहस्थाचं सर्व्हिस रेकॉर्ड वाचण्यासारखं आहे. तो मुळात नाटकात राखीव नट. न्यूयॉर्कच्या आधी शिकागोला प्रयोग चालू असताना फ्रान्झ करणाऱ्या नटाचा गुडघा दुखावला (नाटकात फ्रान्झचा पाय मोडतो, हे विसरू नका!) आणि ऑस्कर तिथं उभा राहिला. त्या भूमिकेसाठी त्याला टोनीचं नामांकन मिळालं. आता तो मॅक्स झाला. वर्षभर विंगेत उभं राहून त्याने प्रेक्षक कुठं हसतात ते पाठ केलेलं असणार. आमच्याकडे सगळी शाखा ज्याच्या जिवावर चालते, तो ‘ऑफिशिएटिंग’वाला असाच असतो. भत्ता थोडा, जबाबदारी पुरी. 2004 मध्ये लंडनच्या प्रयोगातून रिचर्ड ड्रायफस ऐनवेळी बाहेर पडला, तेव्हा लेन धावून गेला. काही आठवड्यांनी लेन परतला तेव्हा तिथं मॅक्स म्हणून कोण आलं असेल? ऑस्करच!

त्याआधी 2003 च्या डिसेंबरअखेर जुनी जोडी न्यूयॉर्कला काही महिन्यांसाठी परत आली होती आणि खिडकीवर पुन्हा झुंबड उडाली. नाना रजेवरून परत आले, की काउंटरवर जशी रांग लागते तशीच. 22 एप्रिल 2007 रोजी 2,502 प्रयोगांवर नाटक बंद झालं.

दुसरा धडा त्याच रंगमंचावरचा, पण जुना. मघाशी म्हटलेला 10 पारितोषिकांचा विक्रम ज्याचा होता, ते ‘हॅलो, डॉली!’. 16 जानेवारी 1964 रोजी हे सेंट जेम्सवरच सुरू झालं. लग्नं जुळवणाऱ्या डॉलीची भूमिका कॅरल चॅनिंगने अशी काही केली, की तिच्यानंतर कोण, हा प्रश्नच पडावा. निर्माता डेव्हिड मेरिकने तो प्रश्न प्रश्न म्हणून घेतलाच नाही. 1965 मध्ये त्याने जिंजर रॉजर्सला आणलं, मग मार्था रे, मग बेटी ग्रेबल. 1967 च्या नोव्हेंबरात पर्ल बेलीला आणताना तर नायिकेबरोबर सगळा नटसंचच बदलून कृष्णवर्णीय कलावंतांचा केला. म्हणजे एका काउंटरची नव्हे, सबंध शाखेची बदली! शेवटी 1970 मध्ये एथेल मर्मन आली. भूमिका मुळात तिच्यासाठीच योजली होती आणि तिने नाकारली होती. तिच्यासाठी केलेली, पण वगळलेली दोन गाणी पुन्हा घातली. 2,844 प्रयोग झाले, ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांतला त्या काळचा उच्चांक.

मेरिकचा हिशेब सोपा होता. ‘चॅनिंग गेली’ अशी पाटी त्याने लावली नाही, ‘बेली आली’ अशी लावली. नव्या माणसाला जुन्याचा कोट घालायला दिला, की बाह्या लांब होतातच. त्याच्या मापाचा शिवून दिला, तर लोक कापडाची तारीफ करतात. गुडमनला कोट लेनचा मिळाला. पुढं 2007 मध्ये लंडनला त्याने ‘फिडलर ऑन द रूफ’मधला तेव्ये केला. ती भूमिका पहिल्यांदा रंगमंचावर केली होती झीरो मॉस्टेलने. आणि ‘प्रोड्यूसर्स’ सिनेमातला पहिला मॅक्सही मॉस्टेलच! म्हणजे गुडमनने पुन्हा दुसऱ्याचीच खुर्ची घेतली, पण या वेळी बसला तो स्वतःसारखा.

यथावकाश माझीही बदली झाली. चार वर्षांनी सहज जुन्या शाखेत डोकावलो. तीन नंबरवर एक तरतरीत मुलगी होती आणि काउंटरपुढे त्याच आजी.

“तो आधीचा कुठं गेला गं?” आजी विचारत होत्या.

माझी छाती दोन इंच फुगली. मी पुढं होऊन म्हणालो, “हा काय आजी, आलो की!”

“तू नाही रे,” आजी म्हणाल्या, “नाना!”

मी निघालो. दारापर्यंत पोहोचलो असेन, तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला. त्या मुलीला सांगत होत्या, “हसवायला नाही यायचं हो त्याला. पण पैसे मात्र नीट मोजायचा.”