फुकटची होडी आणि चुलीवरची भाकरी

चिंचणीच्या किनाऱ्यावर येणारी मुंबईची मंडळी हल्ली आम्हाला विचारतात, "इथलं अस्सल काय?" त्यावरून आज आपल्याच गावची अकराशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो.

चिंचणीत राष्ट्रकूट राजांच्या काळचा एक ताम्रपट सापडला आहे. तो शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. तेव्हा राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार मधुमती नावाचा माणूस बघायचा. नाव बाईचं वाटतं ना? ते मोहम्मदचं संस्कृत रूप आहे. माणूस अरब होता. संजाण आज गुजरातेत आहे. या मधुमतीने दोन नद्यांवर फुकट होडी ठेवली आणि संजाणला अन्नछत्र घातलं, असं ताम्रपटात कोरलं आहे. तिथे काय वाढायचे तेही लिहिलं आहे: साळीचा भात, कालवण आणि तूप. म्हणजे ज्याच्या कनवटीला दाम नाही, त्यालाही नदी ओलांडता येत होती आणि वर तूपभात मिळत होता.

आज गरीब माणूस स्वस्तात फिरला तर त्याला कोणी पर्यटन म्हणत नाही. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते. आपल्या बाया टेंपोत उभ्याने जातात, भाकरी बांधून नेतात. ती जत्रा. मुंबईची बाई पाठीला पिशवी लावून लोकलने आली, की ते 'खरं गाव बघणं'. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तिने आपण मुंबईला कामाला जातो, आणि त्याच गाडीने पाहुणे येतात.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाने पाहुण्यांना घरचं जेवण द्यायला सुरुवात केली. तांदळाची भाकरी, सुकट, भात. एका पाहुणीने ताटाचे पैसे कमी करून मागितले, गावात एवढा भाव कशाला म्हणाली. मग आत डोकावली. गॅसची शेगडी दिसली तशी तिचं तोंडच उतरलं. तिला चूल हवी होती! धुराने डोळे चोळत आपण किती वर्षं काढली, ते तिला कोण सांगणार?

गटाच्या बैठकीत यावर बरंच बोलणं झालं. एक मावशी म्हणाली, पाहुणा आहे, जाऊ दे. दुसरी म्हणाली, ते अन्नछत्र प्रांताच्या कारभाऱ्याने घातलं होतं, आपलं ताट बचतीच्या पैशातून येतं. शेवटी दर पाटीवर लिहिला. खाली एक ओळ घातली: चुलीवरचं हवं असेल तर लाकडाचे आणि धुराचे पैसे वेगळे.