प्रतिध्वनि-हृल्लेखन : इतिहास

हृदयाचे कार्य चालू स्थितीत श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या परावर्तनाने पाहण्याच्या व मोजण्याच्या तंत्रास प्रतिध्वनि-हृल्लेखन (इकोकार्डिओग्राफी, व्यवहारात ‘इको’) म्हणतात. हे तंत्र येण्यापूर्वी झडप किती अरुंद झाली आहे, याचा अंदाज स्टेथॉस्कोप व क्ष-किरणचित्र यांवरून बांधीत. खात्रीसाठी रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी सरकवावी लागे.

लुंड (स्वीडन) येथील हृद्रोगतज्ञ इंगे एड्लर यांना शस्त्रक्रियेपूर्वी द्विदल झडपेची अचूक स्थिती जाणून घ्यावयाची होती. भौतिकीविज्ञ हेल्मुट हर्ट्‌झ यांनी धातूतील दोष शोधणारे उपकरण माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यातून मिळवून प्रथम वापरून पाहिले. पुढे सीमेन्स कंपनीच्या तशाच उपकरणाने २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हृदयाच्या हलत्या प्रतिध्वनींची नोंद केली.

ही नोंद एकाच रेषेतील असे. तीवरून निलयाचा एक व्यास मोजून संपूर्ण घनफळ काढीत. परंतु हृदयविकाराच्या झटक्याने भिंतीचा एखादाच भाग दुबळा झाला असल्यास हे गणित फसे. नेदर्लंड्‌समधील निकोलास बोम यांनी १९७१ च्या सुमारास २० स्फटिकांची रांग योजली व हृदयाचा छेद चालत्या चित्रात दिसू लागला. छेदांवरून घनफळ काढणे शक्य झाल्याने निष्कासित अंश अधिक विश्वसनीय झाला. उदा., डाव्या निलयातील १२० मिलि. रक्तापैकी ७२ मिलि. बाहेर पडल्यास तो ६० टक्के होतो. डॉप्लर परिणामाने रक्ताचा वेगही कळू लागला. नॉर्वेतील होलेन (१९७६) व हॅट्ले (१९७८) यांनी वेगावरून झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक काढला. तो वेगाच्या वर्गाच्या सु. चौपट असतो, सेकंदाला २ मी. वेग असल्यास सु. १६ मिमी. पारा.

पालघर येथे २०१३ साली प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व संधिज्वरजन्य हृद्रोगांचा समावेश आहे. संशयित बालकाचे निदान मुख्यतः इकोनेच निश्चित होते. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूरसारख्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यात म्हणूनच सहज नेता येणाऱ्या यंत्राचे महत्त्व मोठे आहे. मात्र हेच तरंग गर्भाचे लिंगही दाखवितात. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने देशात प्रथम १९८८ मध्ये केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला. गर्भलिंग ओळखू शकणाऱ्या प्रत्येक यंत्राची नोंदणी त्यानुसार आवश्यक आहे. सुवाह्य यंत्र नोंदणीकृत जागेतील आंतररुग्णांसाठी किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते, असा २०१२ चा नियम आहे. मुलींच्या रक्षणासाठी हे बंधन आवश्यक ठरले. परंतु त्यामुळे दूरच्या हृद्रोग्यापर्यंत यंत्र पोहोचविण्याचा मार्ग प्रामुख्याने अशा पथकांतूनच जातो.