काचेच्या कडेवरचा वारा

भारतीय दुचाकीच्या इतिहासात वर्ध्याचे नाव शिरले ते एका पेढीच्या पाटीवरून. 29 नोव्हेंबर 1945 रोजी ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. हे बच्छराज म्हणजे वर्ध्याचे शेठ बच्छराज बजाज. राजस्थानातल्या काशी का बास या गावचा जमनालाल नावाचा मुलगा त्यांनीच नातू म्हणून दत्तक आणला होता. जमनालालजी 1942 मध्ये वर्ध्यातच वारले, त्यामुळे पुढचे काही त्यांना दिसले नाही. 1948 पासून कंपनी परदेशी दुचाकी-तीनचाकी आणून विकू लागली, 1959 मध्ये तिला त्या इथेच बनवण्याचा परवाना मिळाला. कारखाना उभा राहिला पुण्याजवळ आकुर्डीला, ‘बजाज ऑटो’ या नावाने.

सुरुवात झाली व्हेस्पा स्कूटरने. 1946 मध्ये इटलीत तिचा आराखडा करणारा कोरादिनो दास्कानियो मुळात विमानांचा इंजिनियर. पुढचे चाक त्याने विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले आणि पायांपुढे पत्र्याची ढाल उभी केली. गुडघ्यांवरचा चिखल आणि वारा तिथेच थांबला, छातीवरचा तसाच राहिला. 1972 मध्ये बजाजची चेतक स्कूटर आली. तिच्या हँडलवर प्लास्टिकची बाकदार काच बसवून घेणारे पुष्कळ होते. पुढे उभ्या असलेल्या लेकरालाही तिचा आडोसा मिळे.

गावातल्या वेगाला ही काच सुखाची. मोठ्या रस्त्यावर मात्र तिचे दुसरे रूप दिसते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. काच समोरचा वारा वर फेकते, आणि तिच्या मागे हवेचा दाब कमी पडलेली जागा तयार होते. वर फेकलेला वारा त्या जागेकडे वळतो, कडेवरून एकामागून एक भोवरे सुटतात आणि नेमके हेल्मेटवर येऊन आदळतात. डोके थडथडते, मान आखडते, नजर ठरत नाही. काच नसलेल्या गाडीवर वारा जोरात लागतो, पण एकसारखा लागतो. अर्धवट उंचीच्या काचेमागचा वारा धक्के देतो, आणि तोच माणसाला लवकर थकवतो.

हे कोडे युरोप-अमेरिकेलाही बरेच दिवस सुटले नव्हते. इटलीच्या मोटो गुझ्झीने 1950च्या सुमारास मांडेलो देल लारिओ इथे स्वतःचा वातबोगदा, म्हणजे गाडीवर वारा सोडून तिचा आकार पारखण्याची जागा, बांधला, पण तो मुख्यतः शर्यतीसाठी. पुढचे चाक पूर्ण झाकणारी तेव्हाची आवरणे आडव्या वाऱ्यात गाडी भरकटवत, म्हणून 1957 नंतर शर्यतींतून ती हद्दपार झाली. 1971 मध्ये अमेरिकेत क्रेग व्हेटरने ‘विंडजॅमर’ काढले. त्यात काच आणि आवरण हँडलला न लावता गाडीच्या सांगाड्याला बांधलेले होते. हा बदल मोठा होता. काच हँडलवर असली की वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट हातात येतो. 1976 मध्ये बीएमडब्ल्यूची आर 100 आरएस आली, तिचे आवरण पिनिनफारिना या इटलीतल्या गाड्यांच्या आराखडे करणाऱ्या कंपनीच्या वातबोगद्यात घडवलेले. पुढे बीएमडब्ल्यूनेच बटण दाबून वरखाली होणारी काचही दिली.

भारतात लोकांच्या खिशाला परवडणाऱ्या मोटारसायकलींवर आवरण आले ते उशिरा. 2003 मध्ये हिरो होंडाची करिझ्मा, 2007 मध्ये बजाजची पल्सर 220. या दोन्ही गाड्यांच्या छोट्या काचांचा डौल मोठा होता, आडोसा बेताचा. 2021 मध्ये बजाजने डॉमिनार 400ला कारखान्यातूनच उंच काच आणि हातांपुढे संरक्षक पट्ट्या दिल्या. लांबच्या प्रवासाचा विचार त्यात उघड दिसतो. तरीही बहुतेक गाड्यांवर काच एकाच उंचीला पक्की असते. पाच फूट चार इंचांच्या आणि सहा फुटांच्या स्वाराला एकच काच कशी चालणार? कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर तिची कड भोवरे सोडणारच.

वर्धा जिल्ह्यात ही गोष्ट सोयीपुरती नाही, तब्येतीची आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपर्यंत चढतो, आणि सेलू, हिंगणघाट, आर्वीच्या रस्त्यांवर अंग भाजणारा वारा समोरून येतो. तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय इथे उन्हाळ्यात कुणी गाडी काढत नाही. पण काचेमागच्या भोवऱ्यात दुपट्ट्याची मोकळी टोकेच आधी फडफडतात, म्हणून ती शर्टात खोचावी लागतात. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. त्यामुळे नागपूर-तुळजापूर आणि नागपूर-हैदराबाद महामार्गांवर ट्रकच्या सोबतीने जाणे आलेच. ट्रकच्या मागे सुटणाऱ्या वाऱ्याला कुठलीही काच पुरी पडत नाही. तिथे अंतर राखावेच लागते.

काचेमुळे उठणारे भोवरे मात्र बरेच आवरता येतात, आणि खर्चही फार नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात डोके थोडे खाली घ्यावे. थडथड थांबली तर काच उंच हवी. उलट पाठ ताठ करून डोके वर नेल्यावर बरे वाटले, तर काच उतरवलेली बरी, म्हणजे स्वच्छ वारा हेल्मेटला सरळ लागतो. मोठी काच दर वेळी चांगली, हा समज सोडायला हवा. कड साधारण नाकाच्या रेषेत यावी आणि रस्ता काचेतून नव्हे, काचेवरून दिसावा. पावसात आणि समोरच्या गाडीच्या उजेडात याचे मोल कळते. आणखी एक उपाय गॅरेजात पाच मिनिटांत होतो: थोडे लांब बोल्ट घेऊन काचेमागे दोन-दोन रबरी वॉशर टाकायचे. काच जरा पुढे सरकते, खाली बोटभर फट राहते, त्या फटीतून वर येणारी हवा मागची कमी दाबाची जागा भरून काढते आणि वरून येणारा वारा तिच्याकडे तितक्या जोराने वळत नाही.