कुठनं आलात?

देवगिरी एक्स्प्रेस तुम्हाला सकाळी दादरला सोडते. दिवसभर भाच्याच्या खोलीवर झोप काढून संध्याकाळी तुम्ही दादरहून लोकल पकडता आणि दुसऱ्याच स्टेशनावर उतरता, लोअर परळला. भाच्याने फोनवर बजावलं होतं, "मामा, फिनिक्स मॉलच्या आतल्या चिमणीखाली थांबा. हलू नका, मी सातला सुटतो."

केदारखेड्याच्या माणसाला चिमणी म्हटलं की आधी अंगणातली आठवते. ही विटांची आहे. चहूबाजूंनी काच, काचेआड घड्याळं, पर्स, परदेशी नावांचे बूट, आणि मधोमध ही उंच, धूर नसलेली. फाटकावर तुमची पिशवी यंत्रातून गेली होती. सुरक्षारक्षकाने विचारलं होतं, "कुठनं आलात?" तुम्ही म्हणालात, "जालन्याकडून." त्याने मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळला.

शर्टाच्या खिशात चिमूटभर कापूस राहून गेलाय. परवा भोकरदनला व्यापाऱ्याला दाखवायला नेलेल्या मुठीतला. आत तीन-चार सरक्या आहेत. हात तिथे जातो. वर बघत तुम्ही चिमणीला टेकता. वीट गरम लागते.

आधी धूर येतो, पण चिमणीतून नाही. शेजारच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरचं हॉटेल जळतंय. 29 डिसेंबर 2017, मध्यरात्र उलटलेली. 14 माणसं जाणार आहेत. बरोबर तीन महिन्यांपूर्वी, 29 सप्टेंबरला, शेजारच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर भर पावसात चेंगरून 23 गेली. पूल गिरणी कामगारांच्या काळातला, गर्दी काचेच्या ऑफिसांची. मागच्या गर्दीसाठी बांधलेल्या जिन्यावर पुढची गर्दी चढवायची, हा हिशोब कुणी केला असेल, असं मनात येतं. पण तुम्ही मागे सरकत आहात, थांबता येत नाही.

वर्षं भराभर सुटतात. सेनापती बापट मार्गावरचे टॉवर मजल्या-मजल्याने खाली उतरतात, क्रेन उरतात, मग त्याही जातात. 2006 चा मार्च: सर्वोच्च न्यायालयाने गिरणीमालकांच्या बाजूने निकाल दिलाय. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते, एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची ठरलं. जिथे शेड उभी, ती जमीन वाटणीतून बाहेर. बांध कोरणारा भाऊबंद तुम्ही पाहिलेला आहे, त्यामुळे हे कलम तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणखी थोडं मागे, नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, याच फिनिक्समध्ये बोलिंगचे चेंडू घरंगळताना ऐकू येतात. त्याआधी मात्र काहीच ऐकू येत नाही.

ही शांतता 1983 ची. संपाला वर्ष उलटलंय. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. चाळीत सकाळ झाली हे आता भोंग्यावरून कळत नाही. तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेलीत. पुरुष दुपारचे ओट्यावर बसलेत. घरात असण्याची सवय नसलेला माणूस स्वतःच्याच दारात पाहुण्यासारखा बसतो. दुष्काळात तुमच्या पारावर माणसं अशीच बसलेली तुम्ही पाहिली आहेत.

आणि मग भोंगा वाजतो.

तो कानात नाही, छातीत वाजतो. 1981 चा फेब्रुवारी, सकाळच्या पाळीची वेळ. एकाचा संपतो न संपतो तोच दुसऱ्या गिरणीचा. चाळीतली बाई न बघता सांगते, हा कुणाचा. गल्ल्यांमधून माणसं बाहेर पडतात, हातात डबा, डोक्यावर टोपी, काहींचे डोळे अजून मिटलेले. रातपाळीचे परत येतायत, केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कापूस. तुमच्या घरची माणसं वेचणीहून येतात तशीच. फरक इतकाच, हे खोकतायत.

फाटकावर बदलीवाल्यांची रांग आहे. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी लागायचं, नाहीतर घरी जायचं. तुम्ही रांगेत घुसता. पुढचा वळून विचारतो, "खंयचे तुमी?"

"जालना जिल्हा."

"जालना जिल्हो? असो जिल्हो खंय आसा?"

तुम्ही गडबडता. अजून दोन-अडीच महिने आहेत. जालना 1 मे 1981 ला औरंगाबादेतून वेगळा निघणार, आणि गंमत बघा, त्याच दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग. या माणसाचा जिल्हाही बदलायचाय, त्याला ते ठाऊक नाही. "औरंगाबाद," तुम्ही सुधारून सांगता. "हां, मराठवाडो," तो म्हणतो आणि आपुलकीने थोडा सरकतो. इथे कोकणातले आणि घाटावरचे भरपूर, तुमच्याकडचे कमी.

आत शिरताच आवाज अंगावर येतो. साचेखात्यात शेकडो साचे एकाच वेळी ठोकतायत, धोटा इकडून तिकडे मारतायत. कुणी बोलत नाही, ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून चालतं. हवा दमट, मुद्दाम ठेवलेली. कोरड्या हवेत सूत तुटतं. खिडक्या बंद. सूत वाचावं म्हणून माणसाने घामात उभं राहायचं. एकट्या माणसाकडे कितीतरी साचे. नजर धाग्यावर, तुटला की गाठ मारायची, मागे वळेपर्यंत दुसरा तुटलेला. पाळी संपल्यावरही कित्येकांच्या कानात साचा चालूच राहतो आणि ते घरी मोठ्याने बोलतात. बायको म्हणते, हळू बोला, भिंतीपलीकडे माणसं राहतात.

पण तुम्हाला ओढ वेगळ्याच खात्याची लागते. गाठी फोडतात तिथे. पट्ट्या तुटतात, दाबलेला कापूस सुटतो, आणि त्या धुळीत तुम्हाला ओळखीचा वास येतो, वाळल्या पानाचा, मातीचा. एक म्हातारा गाठीतून चिमूट उचलतो, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून हळूच ओढतो, पुन्हा जोडून पुन्हा ओढतो, डोळ्यांजवळ नेतो. तंतूची लांबी बघतोय. तुमच्या व्यापाऱ्यानेही परवा हेच केलं होतं, नाक मुरडून.

दुपारी तुम्ही खानावळीत जेवता. चाळीतली बाई दोन खोल्यांत वीस-पंचवीस माणसांना घालते. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेल्यांची ही आई. पैसे पगाराच्या दिवशी. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. इथल्या गिरण्या त्या पोळ्यांवर चालल्या असं म्हटलं तर कुणी वाद घालू नये. जेवून गावकीच्या खोलीत पडायला जाता तर वळकटी ऊबदार आहे. दुसऱ्या पाळीचा माणूस नुकताच उठून गेलाय. भिंतीला पत्र्याच्या पेट्यांची ओळ, प्रत्येक पेटीत एकेक घर.

आणखी मागे. 1928, लाल बावटा, सहा महिने गिरण्या बंद. 1908 चा जुलै: टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झालीय आणि कामगार सहा दिवस बाहेर आहेत, वर्षाला एक दिवस. फिनिक्स गिरणी तेव्हा तीन वर्षांची. 1890 ला जूनमधला पहिला सुटीचा रविवार; त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे कित्येक वर्षं भांडले. आज आयटीतली मुलं शनिवारचीही सुटी घेतात आणि रविवार आपोआप आला असं समजतात. असो. त्याआधी 1856, ताडदेवला कावसजी दावरांची पहिली गिरणी सुरू होतेय, आणि परळच्या बाजूला अजून नारळीच्या बागा, तलाव, भातशेती.

इथे कुणीतरी विचारतं, "कुठनं आलात?" तुम्ही म्हणता, निजामाच्या मुलखातून. तेही खरंच आहे. पूर्णेकाठचा कापूस तेव्हा बैलगाडीने निघायचा. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर जालन्याला निजामाची रेल्वे आली, अरुंद मीटरगेज, म्हणजे मनमाडला माल रुंद रुळांवरच्या डब्यात चढवायचा. अमेरिकेत 1861 ला यादवी पेटली तेव्हा मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, 1865 ला ती विझली आणि मुंबईत पेढ्या बुडाल्या. भाव कुठल्यातरी लांबच्या गावी ठरतो आणि आपल्याला पेपरात कळतो, ही रीत तेव्हाचीच.

"मामा! ओ मामा, झोप लागली का उभ्या उभ्या?"

भाचा आलाय, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. त्याच्या ऑफिसचा पत्ता कंपनीच्या कागदावर लोअर परळ आहे. बिल्डर त्याला 'अप्पर वरळी' म्हणतात, परळ शब्दाचा वास जावा म्हणून असेल. तो तुम्हाला एका हॉटेलात नेतो. उघड्या विटा, लोखंडी खांब, दिव्यांना लाकडी बॉबिनं लटकवलेली. "मस्त आहे ना, एकदम जुनं वाटतं," तो म्हणतो. तुम्ही बॉबिन हातात घेऊन बघता. साचे मात्र भंगारात गेले. जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळया होतात; त्यातला एखादा साचा तुमच्या गावच्या स्लॅबमध्ये येऊन पडला असेल का, याचा पुरावा नाही, पण विचार जात नाही.

जेवताना भाचा सांगतो, त्याच्या ऑफिसातल्या शिपाईमामांच्या वडिलांनी गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज केला होता. लाखाहून जास्त अर्ज, आणि 2012 च्या पहिल्या सोडतीत सात हजारांच्या आत घरं. नंबर लागला नाही. पुढे पनवेलकडचं काही निघालं तेव्हा वडील नव्हते.

बाहेर पडताना भाचा फोन विसरतो, तुम्ही दोघं फाटकातून पुन्हा आत. खिसे रिकामे करा. किल्ली, मोबाइल, सुटे पैसे, आणि ती चिमूट. रक्षक तोच, साठीकडे झुकलेला. तो ट्रे पुढे ढकलायचा थांबतो. चिमूट उचलतो, सरकी नखाने बाजूला करतो, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून हळूच ओढतो, जोडतो, पुन्हा ओढतो. मागे रांग खोळंबलीय.

"लांब धागा आहे," तो म्हणतो. "काय भाव मिळाला?"